वास बाहेर जाईना

डोंगराळ नारीन मुलुखाच्या थंडीत नवरा झोपेतच गारठून मेला, तेव्हापासून बुरमाकानने फटींशी उभं वैर धरलं. गावातल्या घराघरांच्या भिंतींत तिने पेंढा ठासला, वर मातीचा जाड गिलावा चढवला, खिडक्यांना तिहेरी काचा बसवल्या. छपरांवर सोलर आले, कोळसा सुटला, गाव उबेत झोपू लागलं.

त्या गुरुवारी ती रिवाजाप्रमाणे पितरांसाठी तेलात बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. पितर वासावरच जेवतात. पण वास घरातच कोंडला होता. खिडकीच्या काचेने बाहेरून बर्फाची साय धरली होती आणि तिच्यात तळहाताएवढी जागा कुणीतरी पुसली होती.

बुरमाकानने खिडकी सताड उघडली.

"आई, वेड लागलंय का? सगळी ऊब चालली!" सून खेकसली.

"गप गं भवाने! तुझा सासरा बाहेर उपाशी उभा आहे."

"एकटे मामंजीच ना? मग वाढा पटकन आणि लावा ती खिडकी."

बुरमाकान अंधारातल्या गल्लीकडे बघतच राहिली.

"एकटा कुठला गं? प्रत्येक खिडकीखाली उभे आहेत. सगळ्या गावाच्या भिंती मीच लिंपल्यात ना."