छोट्या डब्यातलं गर्भाशय

"हा डबा आहे की चटणीची बरणी?" सोमवारी सकाळी मी फोनवर ओरडत होते. पलीकडे घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलातली ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती.

"मॅडम, शनिवारी मोठे डबे संपलेले."

"मग निदान चिरून तरी टाकायचं!"

"चिरायचं सरांनी असतं ना. मी कशी चिरणार?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले.

मी पॅथॉलॉजिस्ट. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव आमच्या ठाण्याच्या लॅबमध्ये येतो. त्याचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून आजार कोणता आणि किती, ते आम्ही लिहून देतो. तोवर अवयव खराब होऊ नये म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात. डबा मोठा हवा, फॉर्मॅलिन भरपूर हवं आणि गर्भाशय मधोमध चिरलेलं हवं, म्हणजे औषध आतपर्यंत पोचतं. यावर मी इतकी पत्रं लिहिली आहेत की माझ्या मागे मला 'फॉर्मॅलिन मॅडम' म्हणतात.

हे गर्भाशय कोलशेतच्या शोभाताई जाधव यांचं होतं. वय अठ्ठावन्न, निवृत्त बालवाडी शिक्षिका. पाळी बंद होऊन कित्येक वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं आणि तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. आता रेडिएशन द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो बराचसा माझ्या रिपोर्टमधल्या एका ओळीवर अवलंबून होता: कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरल्यात का?

स्लाइडवर पेशींच्या पुंजक्यांभोवती पांढऱ्या फटी दिसत होत्या. अशा फटीचे दोन अर्थ होतात. एक तर ती रक्तवाहिनी असते आणि पेशी तिच्या आत असतात. नाहीतर फॉर्मॅलिन नीट न मुरल्यामुळे तुकडा आक्रसतो आणि नुसती जागा पडते. नक्की कळायला सीडी थर्टीवन नावाची एक खास तपासणी असते. तिने रक्तवाहिनीचं अस्तर तपकिरी रंगतं. आमच्याकडे तेव्हा ती होत नसे, मुंबईला पाठवावी लागे आणि आठ दिवस जात.

मी आठ मिनिटंही घालवली नाहीत. डबा छोटा, म्हणून तुकडा आक्रसला, म्हणून फटी. डब्याचा राग डोक्यात होताच, त्याने उत्तर आयतंच हातात दिलं. वर तीस वर्षांच्या नजरेचा ताठा.

सर्जन डॉ. सबनीसांचा फोन आला. "मॅडम, व्हेसल्सचं काय?"

"निगेटिव्ह. आणि सर, ते तुमचे डबे..."

"हो हो, सांगतो त्यांना. म्हणजे रेडिएशन नको. गुड."

रिपोर्ट न्यायला शोभाताई मुलीला घेऊन स्वतः आल्या. पेशंट सहसा आमच्यापर्यंत येत नाहीत. यांनी हट्टच धरला, की रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईंना भेटायचंय.

"मॅडम, ते इंग्रजी राहू द्या. नसांमध्ये गेलाय का, तेवढं सांगा."

"नाही," मी म्हटलं. "नाही गेलेला."

मुलगी रडायला लागली. शोभाताईंनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मला फार बरं वाटलं. ते आठवलं की आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी आमच्याकडे नव्याने आलेल्या डॉ. ऋतुजाने गर्भाशयाच्या कॅन्सरमधल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास हाती घेतला. कॅन्सरची गाठ एकटी वाढत नाही. घोडबंदरला टॉवर उभा राहिला की मागोमाग पाण्याची लाइन येते, दुकानं येतात, तशी ही गाठ आजूबाजूच्या पेशींना कामाला लावते आणि नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. त्यांतूनच तिला अन्न मिळतं आणि त्यांतूनच तिच्या पेशी बाहेर पडतात. या सगळ्या शेजाराला ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात. ऋतुजाने मेणात जपून ठेवलेले जुने तुकडे काढून त्यांवर ती तपकिरी रंगाची तपासणी करून आणली होती.

"मॅडम, जरा बघता का?" ती चाचरत म्हणाली. "तुमच्या रिपोर्टमध्ये निगेटिव्ह आहे."

फटीभोवती स्वच्छ तपकिरी कडं होतं आणि आत पेशी होत्या. एकाच स्लाइडवर सहा ठिकाणी. तिने पेशंटचं नाव सांगितलं आणि मला ती चटणीची बरणी आठवली.

मी सबनीसांना फोन लावला. "सर, शोभाताई जाधव फॉलोअपला येतात का?"

"चार महिन्यांपूर्वी आलेल्या. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सर परत आलाय. केमो चालू आहे. का हो?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "आता रिपोर्ट बदलून काय उपयोग, मॅडम? ट्रीटमेंट तीच राहणार. जाऊ द्या."

"रिपोर्ट मी बदलतेय, सर. आणि त्यांना मीच सांगणार आहे."

पुढच्या केमोच्या दिवशी सबनीसांच्या केबिनमध्ये आम्ही भेटलो. शोभाताईंनी डोक्याला ओढणी गुंडाळली होती. मी सगळं सांगितलं, डब्यापासून. रेडिएशन दिलं असतं तर आजार परत आला नसता, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, हेही सांगितलं. "पण ते घ्यायचं की नाही, हे तुम्हाला ठरवता यायला हवं होतं. ती संधी माझ्यामुळे गेली."

मुलगी उठून बाहेर गेली. शोभाताई मात्र माझीच समजूत घालायला लागल्या. "डबाच छोटा होता ना? मग डब्यामुळे झालं म्हणायचं. तुमचा काय दोष?"

किती सोयीचं होतं ते! दोन वर्षांपूर्वी मी अगदी हेच म्हटलं होतं.

"डबा छोटा होताच," मी म्हटलं. "पण तपासणी करून घ्यायला डब्याने मला अडवलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. या वेळी माझा हात धरला नाही.

त्यानंतर शोभाताई अकरा महिने होत्या.

आता ती तपासणी आमच्याच लॅबमध्ये होते. माझ्या रिपोर्टमध्ये 'आहे' आणि 'नाही'च्या जोडीला कधी कधी 'सांगता येत नाही' असंही असतं. सर्जन वैतागतात. डबे अजूनही छोटेच येतात, आणि मी अजूनही फोनवर ओरडते. फक्त ओरडल्याच्या दिवशी बघितलेली स्लाइड दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर, पुन्हा बघते.