अकरा पावलं

आज वॉर्डात एका दृष्टी गेलेल्या आजींचा हात धरून खाटेपासून दारापर्यंतची पावलं मोजून दिली. "लय सबुरी आहे रे ब्रदर तुले," त्या म्हणाल्या आणि मी मान खाली घातली.

गोंदियातलं भाडं परवडेना म्हणून आम्ही दवनीवाड्याला राहायला गेलो, तो दिवस आठवला. आईलाही दिसत नव्हतं. जुन्या घरात खाटेपासून नळापर्यंत अकरा पावलं, हे तिला पाठ होतं. सामान उतरल्यावर ती म्हणाली, "बापू, एकडाव हात धरून घर दाखवून दे ना." मला ड्युटीवर पोचायचं होतं. "संध्याकाळी दाखवतो, तोवर बसून राहा," म्हणत मी निघालो.

परतलो तेव्हा शेजारच्या अंगणातून उकडलेल्या धानाचा वास येत होता. आई भिंतीशी बसली होती, कपाळाला खोक पडली होती.

"अकराच पावलं टाकली रे. नळ काऊन नाई आला?"

मी सफाईने पट्टी बांधली. त्यानंतर कितीदा तरी हात पुढे केला. पण "राहू दे, तुले ड्युटी आहे," म्हणत ती खाटेवरच बसून राहायची. एकटी ती पुन्हा कधी चाललीच नाही.