रेणुकाची करंगळी

बाजाराच्या दिवशी सकाळी मी मुरूम गावच्या स्टँडवर उतरले आणि तेवढ्यात रेणुकाच्या आईचा फोन. "मॅडम, पोरगी कामाला जायचं न्हाय म्हणती. दार धरून बसली हाय."

(नाव बदललंय. आईला आणि रेणुकाला, दोघींना विचारूनच लिहितेय.)

मी दिव्यांग मुलांसाठीची फिरती शिक्षिका. नेहमीच्या शाळांत जाऊन त्यांच्यासोबत काम करते आणि शाळा संपल्यावर त्यांचं पुढं काय, हेही बघते... म्हणजे बघावंच लागतं. रेणुका बौद्धिक दिव्यांग आहे. यंदा तिची दहावी झाली आणि बचत गटाच्या कडक भाकरीच्या शेडमध्ये तिला पॅकिंगचं काम लागलं.

त्या कामासाठी आम्ही दोघींनी जिवाचं रान केलं होतं. कडक भाकरी नीट धरली नाही तर तुकडे होतात, म्हणून घरच्या भाकरी वाळवून प्रॅक्टिस. सीलिंग मशीनचा चटका बसू नये म्हणून प्रॅक्टिस. घरापासून शेडपर्यंत एकटीनं चालायची प्रॅक्टिस, ट्रॅक्टर आला की बाजूला थांबायचीपण प्रॅक्टिस. मला वाटलं, आता काही म्हणून राहिलं नाही.

आणि ही दार धरून बसलेली!

घरी गेले तर कळलं, पोट दुखतंय, लघवीला जळजळ होतेय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पाणी कमी पडतंय म्हणाले होते. आई पार वैतागली होती. "नको ते काम. घरी बसंल गप."

'घरी बसंल' म्हणजे काय ते मला चांगलं माहितीय. शाळा संपली की आमची कितीतरी मुलं घरी बसतात आणि मग बसूनच राहतात... येत असलेलं बोलणंसुद्धा हळूहळू कमी होतं. हे काम सुटलं असतं तर तिला दुसरं कुणी दिलं नसतं. आईच्या हातापाया पडून थोडे दिवस मागून घेतले आणि रेणुका बरी झाल्यावर तिच्यासोबत स्वतः शेडमध्ये जाऊन बसले.

चुली पेटलेल्या, भाकरी थापायचा धपाधप आवाज, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. गटाच्या प्रमुख महानंदाअक्का. एकीशी कानडीत, दुसरीशी मराठीत, तोंड आणि हात दोन्ही चालू. रेणुका छान काम करत होती. मग मधेच उठली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"हे बघा, रोज असंच करती," अक्का म्हणाल्या. "काम चांगलं हाय तिचं. पन मधेच रुसून उभी राहती. बस म्हनलं की बसती."

रुसलेली कुठली! तिची करंगळी वर होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. माझी मान सवयीनं हलली... आणि पोरगी जी पळाली ती थेट शेडमागच्या संडासात.

मी कपाळावर हात मारून घेतला. तिसरीत असताना ही वर्गातून उठून सरळ रस्त्यावर पळायची. करंगळी वर कर, मॅडमकडे बघ, मान हलली की जा... एवढं शिकवायला मला अख्खं वर्ष लागलं होतं. पुढच्या सगळ्या सरांना, बाईंना मी तेच सांगून ठेवलं. किती मिरवलं असेल मी हे यश, विचारू नका!

इथं शेडमध्ये मान हलवायला कुणीच नव्हतं. म्हणून ही दिवसभर धरून बसायची. वर स्वतःच शक्कल काढून तिनं पाणी पिणंच बंद केलं होतं.

"अय्यो! मग म्या हलवते की मान," अक्का म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. पण अक्का बाजाराला गेल्या तर? उद्या रेणुका दुसरीकडे लागली तर? आणि एवढ्या मोठ्या मुलीनं लघवीला जायला परवानगी कशाला काढायची? म्हटलं, "नको अक्का. तुम्ही काढता का कुणाची परवानगी?" अक्का हसतच सुटल्या.

मग उलटी शाळा सुरू झाली. जी बाई उठेल तिनं रेणुकाला नुसतं "चल गं" म्हणायचं. करंगळी वर दिसली तर मान हलवायची नाही, दाराकडे बोट दाखवायचं. नंतर तेही बंद. खरं सांगते, विचारायला शिकवणं सोपं होतं... न विचारता उठायला शिकवणं महाकठीण. दारापर्यंत जायची आणि वळून माझ्याकडे बघायची. मी आपली भाकरीकडे बघत बसायची. जीव तुटायचा हो, पण मान काही हलवली नाही.

परवा पुन्हा शेडवर गेले होते. रेणुकाला समोर बसवून पाणी कधी प्यायचं, बाटली कुठं ठेवायची, असं माझं नेहमीचं लेक्चर चालू होतं. ऐकता ऐकता तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं, अ‍ॅप्रन सोडून खिळ्याला अडकवला आणि माझं वाक्य अर्धं असतानाच चालती झाली. माझ्याकडे बघितलं नाही, अक्कांकडे नाही, कुणाकडेच नाही.

"अगं, कुठं निघालीस?" अगदी ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.

अक्का भाकरी उलटत म्हणाल्या, "मॅडम, तुमाला इचारलं बी न्हाय की वो!"

मला हसू पण आलं आणि रडू पण. मला एकटीला हे कधीच जमलं नसतं, शेडमधल्या बायांनी भाकरी थापता थापता जमवून आणलं. त्यांचे आभार मानायला म्हणून ही पोस्ट.

शिक्षिका म्हणून शाल-नारळ बरेच मिळालेत मला. पण अशी पाठ फिरवून आजवर कुणी गेलं नव्हतं... लई बरं वाटलं.