कोपरेचाचांचा भाव

कोपरेचाचा गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी त्याच्या हातातल्या चित्राचे कोपरे बघत. जुन्नरच्या रविवारच्या बाजारात ते गोणपाटावर जुनी चित्रं मांडून बसत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सिगारेटच्या पाकिटातून निघायची ती, क्रिकेटवाल्यांची. कोपरा झिजलेला दिसला की चित्र ढिगात, आणि ढिगातलं आण्याला मूठभर. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे.

मी जवळच्या आळे गावच्या शाळेत मास्तर होतो आणि मला या चित्रांचा भारी नाद. पहिल्याच रविवारी लहानपणापासून जपलेली माझी सत्तर चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती भराभर चाळून सगळी ढिगावर लोटली. "मास्तर, तुमी जपली तशी समद्यांनी जपली. समद्यांनी जपलं त्याला भाव कुठला?" आजूबाजूचे फिदीफिदी हसले. मी तणतणत चित्रं उचलली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच जाऊन बसलो. असा सात वर्षं बसलो.

एकदा वारूळवाडीची एक बाई नवऱ्याची वही घेऊन आली. "मालक मरताना म्हनलं, ही लई मोलाची हाय." हरवू नयेत म्हणून त्या भल्या माणसाने एकूण एक चित्र खळीने वहीत चिकटवलं होतं. चाचांनी नखाने एक उचलून पाहिलं, तर ते फाटलं. "बाई, खळ लावून मारली समदी. न्या, चुलीला व्हतील." बाई पदर तोंडाला लावून उठली.

मी भडकलो. "चार आणे टाकले असते तर काय बिघडत होतं?"

"मंग तिनं नवऱ्याची किंमत चार आणे धरली असती," ते म्हणाले. ही सबब होती असं मला अजूनही अर्धवट वाटतं.

पुढे खोकल्याने त्यांनी अंथरूण धरलं. बाजार सुटला, पण मी दर रविवारी घरी जात राहिलो. एकदा त्यांनी उशाखालून पत्र्याचा डबा काढला. "ही माझी सोताची. आजवर कुनाला दावली न्हाईत. आता डोळं गेलं. तुमी भाव सांगा."

आतलं प्रत्येक चित्र साधं, कुठेही मिळणारं. कोपरे बोटांनी हाताळून गोल झालेले. त्यांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता. मला खरं बोलवेना.

"चाचा, पुण्याचा शौकीन पन्नास रुपये सहज देईल."

हात बाजूला झाला. "सात वर्सं शेजारी बसवलं ते यासाठी? मला काय रडतं गिऱ्हाईक समजलात? निघा."

पुढच्या रविवारी सुनेने दारातच अडवलं. "आत घेऊ नको म्हनलेत," ती खाली बघत म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी पोचलो तेव्हा जनाजा निघाला होता.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी चार शिव्या हासडून मला चहा पाजला असता. त्या माणसाला कुणाची कीव तेवढी नको होती, आणि मी नेमकी तीच घेऊन गेलो.