खाली सरकलेली बातमी

पाळणाघराच्या मावशी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच चपला काढायला लागल्या. "राहू द्या हो, इथं सगळे घालूनच येतात," मी म्हटलं. "सवय आहे. घरात पोरं रांगत असतात ना," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "असायची."

आमचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खालचं मशीन सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. काम काय, तर इंटरनेटवरची लोकांची नावं धुऊन द्यायची. धुऊन हा मालकांचा शब्द. खरं सांगायचं तर डाग काही निघत नाही. कुणी वाईट लिहिलं असेल तर ते काढायचं की ठेवायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात. आम्ही त्या माणसाबद्दल चांगली पानं लिहून एकावर एक रचत जातो. मग नाव शोधलं की आधी ती दिसतात आणि वाईट आपोआप खाली सरकतं. पहिलं पान सोडून दुसऱ्यावर जायचा लोकांना कंटाळा असतो, त्या कंटाळ्यावर आमचं पोट चालतं.

मालक माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, मला ताई म्हणतात. शुद्ध मराठी लिहिणारी बाई हवी म्हणून त्यांनी मला घेतलं. घडलं नाही ते मी लिहिणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. देवापुढं रोज हात जोडायचे असतात, उगाच कशाला? मालक हसले होते. "ताई, घडलेलंच पुष्कळ असतं. कुणी लिहून ठेवत नाही एवढंच."

मावशींचं नाव घालून शोधलं की पहिल्याच जागेवर एक बातमी यायची. पाळणाघराची बेपर्वाई, चिमुरडा रस्त्यावर. बातमी खोटी होती असं मावशीही म्हणत नव्हत्या. दुपारी एक पोर ओकत होतं म्हणून त्या त्याला धरून न्हाणीघरात होत्या. तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि जाताना त्यानं दार नुसतं ओढून घेतलं. एक अडीच वर्षांचा मुलगा होता, मावशी त्याला बडबड्या म्हणायच्या, तो बाहेर पडला. मावशी बाकीची पोरं शेजारणीच्या ओटीत टाकून अनवाणी धावल्या. बडबड्या गल्लीच्या टोकाला शिंप्याच्या दुकानात सापडला. चिंध्यांच्या ढिगात बसून शिंप्याला काहीबाही सांगत होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण त्याच्या आईनं रडत रडत फेसबुकवर लिहिलं, तिथून बातमीवाल्यांनी उचललं, आणि बघता बघता एकेका पोराची पिशवी, बाटली, गोधडी परत गेली.

"त्या आईचं काही चुकलं नाही हो," मावशी म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते तर मीही गल्ली डोक्यावर घेतली असती."

"मग तुम्हाला नेमकं काय हवंय?" मालकांनी विचारलं.

"पोरं हवीत."

मालकांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मावशी गमतीनं बोलत नव्हत्या. त्यांना स्वतःचं मूल नाही. यजमान लवकर गेले. तरुणपणापासून त्यांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळली होती आणि घरात आवाज असायचा ही गोष्ट त्यांनी इतकी धरून ठेवली होती, की आता सकाळी जाग आली तरी उठायचं कशासाठी ते त्यांना कळत नसे. हे त्यांनी मला असं तोंडानं सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "दूधवाला म्हणतो, मावशी, अर्धाच लिटर? दोनदा विचारतो मेला."

लिहायला माहिती हवी म्हणून मी त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढं छोटंसं अंगण. आतल्या भिंतीला माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या होत्या, पोरांनी आपली पिशवी आपणच अडकवावी म्हणून. सगळ्या रिकाम्या. कोपऱ्यात लहान गाद्यांची चळत, तिच्यावर स्वच्छ चादर. भिंतीवर खडूच्या रेघोट्या तशाच होत्या. मावशींचा आवाज त्या खोलीत जरा जास्तच मोठा वाटत होता. पोरांच्या गलक्यावरून बोलायची सवय, ती गेली नव्हती.

"फोटो असतील ना पोरांबरोबरचे? पानावर घालू," मी म्हटलं.

"एकही नाही."

"इतक्या वर्षांत?"

"पोरं घरात असताना फोन हातात धरायचा नाही, हा माझा नियम. फोटो काढणारं माणूस फोटोकडे बघतं बाई, पोराकडे नाही."

पण तोंडानं मात्र त्यांनी एकेक पोर असं उभं केलं की मला लिहिता पुरेना. कोण पालथं पडल्याशिवाय झोपत नसे, कोण दुसऱ्याचं नाक पुसून स्वतःचं तसंच ठेवी, कोण रडताना मध्येच थांबून कुणी बघतंय का ते बघे. मी जुन्या आईबापांना फोन लावले. काही जण म्हणाले, "अय्या, आहेत त्या अजून?" काहींनी चांगलं सांगितलं, पण वर म्हणाले, "आमचं नाव नका घालू हं." एकटा एक बसड्रायव्हर, तोही लहानपणी मावशींकडेच वाढलेला, त्यानं नावानिशी लिहून दिलं. मावशींचा कान हातात धरल्याशिवाय मला झोप येत नसे, आणि माझा हात सुटेपर्यंत त्या तशाच वाकून बसायच्या, असं. ते पान मी कुठंही हात न लावता जसंच्या तसं चढवलं.

हळूहळू बातमी सरकली. दुसऱ्या पानावर गेली, मग तिसऱ्या. मालक खूष. मी मावशींना फोन करून सांगितलं.

"कुठं गं? वरच तर आहे," मावशी म्हणाल्या.

"छे हो मावशी, नीट बघा."

"डोळे गेलेत का माझे? रोज सकाळी बघते मी."

मालकांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आमच्या कामात एक नियम कडक आहे. वाईट पानावर बोट ठेवायचं नाही. ज्याला जास्त बोटं लागतात ते वर राहतं, आणि आपण आपल्या फोनवर तेच तेच उघडलं तर फोनला वाटतं, या माणसाला हेच हवंय. मग तो तेच आधी दाखवतो. जगासाठी खाली गेलं तरी आपल्यासाठी वरच. "ताई, तुम्ही समक्ष जाऊन सांगा त्यांना. माझं ऐकायच्या नाहीत," मालक म्हणाले.

मी गेले. माझ्या फोनवर शोधून दाखवलं, सगळी आमची पानं. त्यांच्या फोनवर शोधलं, तर पहिल्याच जागेवर बातमी.

"मावशी, जुनी गोष्ट आहे. रोज उघडून कशाला जखम खाजवायची?"

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, बातमी उघडली आणि मजकूर वर सरकवत खाली गेल्या. तिथं एक फोटो होता. अंगणात मावशी बसलेल्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावर, मांडीत, पाठीमागं पोरंच पोरं. कुणा पालकानं न्यायला आल्यावर फाटकातून काढलेला असणार, तो बातमीवाल्यांना मिळाला. मावशींनी दोन बोटांनी तो मोठा केला.

"ही बघ नकटी. हा झोपाळू, फोटोतसुद्धा डुलतोय. आणि हा," त्यांचं बोट एका तोंड उघड्या पोरावर थांबलं, "हा बडबड्या. फोटो काढतानाही बोलतोच आहे."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आख्ख्या जन्मात मावशींचा पोरांबरोबरचा फोटो एकच होता आणि तो त्या बातमीत होता. त्या लाजेनं नव्हत्या बघत. मायेनं बघत होत्या, आणि त्या मायेनंच बातमी त्यांच्यापुरती वर धरून ठेवली होती.

"हे खाली गेलं म्हणजे मला सापडायचं नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "मी तुम्हाला हा कागदावर काढून आणते. मग तिकडं जायला नको."

मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून फोटो मोठा करून घेतला, वरचा मथळा सोडून. मावशींनी तो कुणाला दिसेल असा लावला नाही. गाद्यांच्या चळतीवरची चादर उचलून तिच्याखाली सरकवला.

पुढं मावशींना फोन यायला लागले. एक आई आली, मग दुसरी. दोघी घर बघून खूष झाल्या आणि दोघी परत आल्या नाहीत. मी विचारलं तर मावशी सरळ म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं ना, माझ्याकडून एकदा पोर बाहेर गेलं होतं म्हणून."

हे कळल्यावर मालकांनी फोन लावला. "मावशी, आम्ही इकडं रात्रंदिवस ते खाली ढकलतोय आणि तुम्ही दारात उभ्या राहून वाचून दाखवताय होय!"

"तुमचं काम कंप्युटरवरचं आहे, ते तुम्ही छान केलंत," मावशी म्हणाल्या. "पण पोर हातात देणाऱ्या बाईला मी कसं फसवू? फोनवरून गेलं म्हणून माझ्यातून गेलं का?"

मालकांनी फोन ठेवला. बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले आणि म्हणाले, "चहा सांगा ताई. आपण हरलो."

मग एक नर्स आली. बदलत्या पाळ्यांची नोकरी, घरात दुसरं कुणी नाही, कडेवर दीड वर्षांची मुलगी. मावशींनी तिलाही सगळं सांगितलं. नर्सनं ऐकून घेतलं. "गेल्या आठवड्यात ही माझ्या डोळ्यांसमोर पलंगावरून पडली," ती म्हणाली. "माझी कुणी बातमी छापली नाही." आणि मुलीची पिशवी तिनं स्वतःच खालच्या खुंटीला अडकवली.

मला तेव्हा वाटलं, झालं, मावशींना हवं ते मिळालं. मी घरी जाऊन देवाला नमस्कारही केला. मग काही दिवसांनी त्या बाजूला काम निघालं म्हणून दुपारची डोकावले. दाराला आता उंचावर कडी, खाली कडी, मध्ये साखळी. मी हाक मारली तेव्हा आतून मावशींनी ओळख पटवून घेतली, मग एकेक करून ते सगळं काढलं आणि मी आत येताच परत लावलं.

खोलीत मुलगी मधोमध एकटीच झोपली होती. एवढ्या मोठ्या जागेत एक छोटी गादी. मावशी पुन्हा आपल्या जागी गेल्या. त्यांनी दाराला टेकूनच स्टूल ठेवलं होतं, पाठ दाराला लागेल असं. गॅसवाल्यालाही त्यांनी दुपारचं यायचं बंद करायला लावलं होतं म्हणे, सिलिंडर मुलीच्या आईच्या सुट्टीच्या दिवशीच घ्यायचा.

"जेवलात का?" मी विचारलं.

"ती गेली की जेवते."

"अहो, कड्या आहेत की! ती झोपलीय. चार घास खाऊन घ्या."

"कडी तेव्हाही होती गं," त्या पुटपुटल्या. त्यांचा तो मोठा आवाज आता मुलगी उठू नये म्हणून अगदी बारीक झाला होता. डोळे मुलीवरून हलत नव्हते. ओठ सुकले होते. जरा वेळानं माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "माठातलं भांडंभर पाणी आणतेस का? मला इथून उठवत नाही."

मी पाणी आणून दिलं. त्या ते दाराला पाठ लावूनच प्यायल्या. मग मी पदर खोचला, दुसरं स्टूल त्यांच्या शेजारी ओढलं आणि म्हटलं, "आता मी बसते इथं. तुम्ही जाऊन जेवा." त्या गेल्या, पण ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या, जिथून मुलगी दिसते तिथं, आणि उभ्याउभ्याच जेवल्या.