सीटखालचा पट्टा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. आज सांगतोय तेही मन मोठं झालं म्हणून नव्हे — राग अनावर झालाय म्हणून.

परवा दत्तूच्या थोरल्यानं जुनी का होईना, गाडी घेतली. दत्तू माझा सख्खा चुलतभाऊ. नारळ फुटला तसा तो चारचौघांत पोराला म्हणाला, "आधी नानाला इचार, गाडीत काय काय ठिवायचं. त्येच्यावानी सावध मानूस तालुक्यात न्हाई." आणि मी? मी सांगत बसलो! स्टेपनीत हवा बघत जा. जॅक, पाना, दोरखंड, पाण्याचा कॅन. बॅटरीतले सेल बदल. आयोडिनची बाटली ठेव, गूळ-फुटाणे ठेव. पोरगं मान डोलवत होतं. फॅनच्या पट्ट्यापाशी आलो आणि माझी जीभ अडली. "आन् पट्टा, नाना?" दत्तूनंच आठवण केली. हसत.

सावध माणूस! थुंकावंसं वाटतं त्या शब्दावर.

बहात्तरच्या दुष्काळाआधी आम्ही दोघांनी नगरच्या लिलावातून मिलिटरीच्या दोन जुन्या जीप आणल्या होत्या. एकाच मेकच्या, जुळ्या बहिणींसारख्या. माझ्या जीपमध्ये सगळं असायचं. मिरजगावच्या बाजारात लोक चेष्टा करायचे — "नानाच्या गाडीत बाळंतीण बसली, तर सुईन बी सीटखालून निघंल." मला ते आवडायचं. का नाही आवडणार? अडलेल्या माणसाला आपल्याकडं हात पसरावा लागतो, यात एक नशा असते. तिला मी परोपकार म्हणत होतो.

विहीर दोघांत होती. चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. दुष्काळात बुडाशी हातभर पाणी उरलं, तेव्हा त्याच्या पाळीत मी माझं पाणी उपसायचं इंजिन लावलं. लावलं, हो. त्यानं मला भर चावडीवर पाणचोर म्हटलं. खोटं होतं का? नव्हतं. म्हणून तर इतकं झोंबलं. त्या दिवसापासून अबोला. आमच्याकडं अबोला म्हणजे नुसतं न बोलणं नसतं — समोरून आला तर मान फिरवायची, मेला तरी आधी आपण हाक मारायची नाही.

उन्हाळ्यात त्याच्या आईला, माझ्या काकीला, कडब्याच्या गंजीत फुरसं चावलं. माझी आई गेल्यावर याच काकीनं मला वाढवलं. तिच्या ताटात जेवलोय मी. हे आत्ता का सांगतोय? तुम्हाला कळावं म्हणून, की मी कुणा परक्याशी असं वागलो नाही.

मी विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करून, जीपमध्ये घालून नगरहून परतत होतो. मिरजगावच्या अलीकडं, माळावर, भर दुपारी दत्तूची जीप बॉनेट उघडून उभी. वाफा निघत होत्या. मागं काकी आडवी, पायाला फडकं आवळलेलं. मी थांबलो. थांबलो खरा — पण उतरलो नाही. जीप चालूच ठेवली आणि बघत राहिलो. त्यानं आधी बोलावं. एवढंच मला हवं होतं.

आणि तो बोलला. आईसाठी बोलला.

"नाना, पट्टा तुटलाय. तुझ्याकडं आसल ना रं?"

नवा पट्टा माझ्या सीटखाली होता. मी त्याच्यावर बसलो होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "संपलाय."

दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. त्याला खरं वाटलं नसावं. तेवढ्यात मागून काकी म्हणाली, "आरं सोड त्येला, खोळंबा नगं करू. नानाकडं आसता तर दिला नसता व्हय त्येनं?"

तेव्हाही सीट उचलता आली असती की नाही? "अरे, सापडला बघ," म्हणता आलं असतं. मागचं इंजिन माळावर ढकलून तिला माझ्या जीपमध्ये घालता आलं असतं. मी काय केलं? कॅन काढला आणि रेडिएटरसाठी पाणी दिलं. तिलाही दोन घोट पाजले. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे केवढं पुण्य! माझ्या हातून पाणी पिऊन तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. आणि मी निघून आलो.

दत्तूनं तिच्या लुगड्याचा काठ फाडून, पीळ घालून पट्टा केला. थोडं चालायचा, तुटायचा. पुन्हा पीळ, पुन्हा तुटणं. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणे. सकाळी ती गेली.

तिरडीपाशी दत्तू माझ्या गळ्यात पडला. अबोला तिथंच सुटला. सगळ्यांना सांगत होता — भांडन आसून नाना थांबला, हुतं तेवढं पानी दिलं. आजही सांगतो. पोरांना सांगतो. आणि मी ऐकून घेतो, मान खाली घालून; लोकांना वाटतं विनय आहे. मला खरा संताप त्याचाच येतो. त्या दुपारचं खोटं निदान रागाच्या भरात बोललो. पण पुढची एवढी वर्षं? दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाला बसलो, काकीच्या फोटोखाली — तेव्हा कुठला राग होता? तेव्हा मी शांत डोक्यानं खोटा होतो.

आता हे तुम्हाला सांगितलं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमची आई नव्हती ती.

पट्टा माझ्याकडं होता, हे सांगण्याचं देणं मी दत्तूला लागतो. अजून सांगितलेलं नाही.