पडदा काळा होण्याआधी

अखंड सर बोलताना आमच्याकडे कधीच बघत नसत. त्यांचा डोळा कायम कोपऱ्यातल्या टीव्हीवर. "बोल की पोरी, ऐकून राहिलो," म्हणायचे आणि चित्र हलतंय याची खात्री करायचे. लातूरच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी चालवलेली छोटी वाहिनी होती. एका खोलीतल्या सर्व्हरवर, म्हणजे कार्यक्रम ओळीने दाखवणाऱ्या संगणकावर, व्याख्यानं लागत आणि केबलने वसतिगृहाच्या खानावळीत दिसत. प्रसारण अखंड राहिलं पाहिजे, हा सरांचा हट्ट. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं.

दोन व्याख्यानांच्या मध्ये सर पडद्यावर पाणी लावत. नांदेडच्या घाटावर आम्हीच चित्रित केलेली गोदावरी. ना संगीत, ना निवेदन. शिकवणीसाठी गावोगावाहून आलेली मुलं हातात घास धरून तिकडे बघत राहायची. उमरीहून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजात शिकणारी मीही त्यांत होते. कधी वाटायचं, ते पाणी पडद्यातून भिंतीवर उतरलंय, ताटांखाली पसरलंय आणि आपण सगळे त्यावर अलगद तरंगतोय. मध्ये जाहिराती लावा, असं कुणी सुचवलं की सर म्हणत, "दिवसभर सूत्रं पाजून राहिलात पोरांना. जरा पाणी बी बघू द्या."

घरी रेडिओलाही हात न लावलेल्या मला त्यांनी सर्व्हर उघडून साफ करायला शिकवलं. "भिऊ नको, चावत न्हाई," एवढाच त्यांचा पहिला धडा.

एका खंडेनवमीला सर्व्हरची पूजा झाली. झेंडूचा भरगच्च हार सरांनी स्वतः घातला, तो नेमका हवा आत ओढणाऱ्या जाळीवर. दुपारी मशीन तापून बंद पडलं. आम्ही सर्व्हरकडे धावलो, सर खानावळीकडे. भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण त्यात पडलेल्या गावांतल्या मुलांना चालू असलेलं काहीही अचानक बंद पडलं की बाहेर पळायची सवय जडली होती. ताटं टाकून सगळी अंगणात उभी होती. सरांचंही गाव भूकंपाच्या त्याच पहाटे गेलं होतं. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत ते सांगत होते, "काई न्हाई झालं रे. माझ्याच हारानं घोळ केला."

पाकळ्या काढल्या, तरी मशीन सारखं अडखळू लागलं. नवा सर्व्हर आला. तो जोडायचा तर जुना बंद करणं भाग होतं. "सुट्टीत करू," म्हणत सरांनी ते लांबवलं, पण शिकवण्यांना सुट्टी कुठली! शेवटी एके दुपारी ते म्हणाले, "तू बंद कर. मी पोरांपाशी बसतो."

खानावळीतून त्यांचा फोन आला. आधी मुलांना सांगितलेलं मलाही ऐकू आलं, "आता टीव्ही काळा होईल. मीच करायला लावलाय. कुणी उठायचं न्हाई." मग मला, "हाव, कर बंद." मागून वाढणाऱ्या मावशी ओरडल्या, "मास्तर, आज तरी ताटात बघून जेवा!"

नवा सर्व्हर लवकर सुरू होईना. अखेर खोलीतल्या पडद्यावर चित्र आलं; केबलवर सोडण्याआधी विचारावं, तर खानावळीत कुणी फोन उचलेना. मुलं पुन्हा बाहेर पळाली असणार, या धास्तीने मी धावत गेले.

अंगण रिकामं होतं. आत सगळी आपापल्या जागी बसली होती. एक मुलगी ताटातल्या वरणात बोटाने रेघा ओढून दाखवत होती, पडलेल्या घरात चुलीपाशी कोण कुठे बसायचं ते. सगळे ऐकत होते.

"सर, चित्र आलंय. लावू?"

"राहू दे," सर हळूच म्हणाले. "तिची आजी बसायची ऱ्हायलीय अजून."

मावशींनी माझ्याकडे पाट सरकवला. मी बसले.